पान आणि प्लगिनचं बोलणं अडलंय? या चुका टाळा

समजा, दादरच्या एका सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाच्या पानावरून फ्लॅट नंबर क्रोमच्या प्लगिनकडे पाठवायचाय आणि प्लगिनने पावती काढायचीय. बटण दाबलं, काहीच झालं नाही.

आधी हे तपासा: कंटेंट स्क्रिप्टमधून, म्हणजे प्लगिनच्या पानात चालणाऱ्या कोडमधून, पानाचं एखादं व्हेरिएबल वाचायला तर जात नाही ना? पानाचा डॉम (म्हणजे पानावरच्या घटकांची रचना) दोघांचा एकच असला तरी जावास्क्रिप्टचं जग वेगळं असतं. म्हणून पान आणि कंटेंट स्क्रिप्टमधला निरोप सहसा विंडो.पोस्टमेसेजने द्यावा लागतो.

सगळ्यात घातक चूक इथेच होते. पोस्टमेसेज म्हणजे दादर स्टेशनवरची घोषणा. फलाटावरच्या प्रत्येकाला ती ऐकू येते आणि इथे माइकही कुणाच्याही हाती लागतो. त्यामुळे इव्हेंटचा सोर्स (निरोप कोणत्या विंडोतून आला) आणि ओरिजिन (कोणत्या साइटवरून आला) तपासल्याशिवाय निरोप पुढे सरकवू नका. तेवढ्यावरही थांबू नका. पानावर जाहिरातीची किंवा चॅटची बाहेरची स्क्रिप्ट असेल, तर ती त्याच विंडोत चालते आणि या दोन्ही तपासण्या आरामात पार करते. पानाने दिलेली यूआरएल डोळे झाकून फेच करणारं, म्हणजे तिथली माहिती मागवणारं, प्लगिन लोकांच्या लॉगिनशी खेळतं. ‘पावती काढ’ यासारखी ठरलेली मोजकी कामंच स्वीकारा, फ्लॅट नंबरचा साचा तपासा, बाकी सगळं नाकारा. पासवर्ड किंवा टोकन (लॉगिनची डिजिटल खूण) या वाटेने कधीच पाठवू नका.

पानातून थेट प्लगिनला निरोप देणारं रनटाइम.सेंडमेसेज वापरायचं असेल, तर मॅनिफेस्टमधल्या (प्लगिनची माहिती आणि परवानग्या लिहिलेल्या फाइलमधल्या) ‘एक्स्टर्नली कनेक्टेबल’मध्ये त्या साइटचा पत्ता हवा. तो नसेल तर क्रोम.रनटाइम पानाला सहसा सापडतच नाही.

उत्तर ‘अनडिफाइन्ड’ येतंय? सर्व्हरकडून माहिती आल्यावर सेंडरिस्पॉन्सने उत्तर देणार असाल, तर ऑनमेसेजच्या लिसनरने (निरोप ऐकणाऱ्या फंक्शनने) लगेच ‘रिटर्न ट्रू’ करायला हवं. नाहीतर पोर्ट, म्हणजे उत्तराची वाट, आधीच बंद होतो. लिसनरलाच असिंक करून हे साधेल असं धरून चालू नका.

‘रिसीव्हिंग एंड डझ नॉट एक्झिस्ट’ (निरोप घेणारं पलीकडे कुणी नाही) ही एरर दिसली तर कोड उसवण्याआधी टॅब रिफ्रेश करा. प्लगिन रीलोड केल्यावर उघड्या टॅबमधली जुनी कंटेंट स्क्रिप्ट पोरकी होते.

मॅनिफेस्ट ३ या आवृत्तीच्या प्लगिनमध्ये सर्व्हिस वर्कर, म्हणजे पडद्यामागे चालणारा भाग, साधारण ३० सेकंद काम नसलं की बंद पडतो आणि ग्लोबल व्हेरिएबलमधलं सगळं जातं. जपायची माहिती क्रोम.स्टोरेजमध्ये ठेवा.

आणि मॅप (जावास्क्रिप्टमधला जोड्यांचा संग्रह) पाठवला पण पलीकडे रिकामा ऑब्जेक्ट मिळाला, तर क्रोमच्या रनटाइमचे निरोप आजवर जेसन, म्हणजे साधा मजकूर, होऊन जात आलेत आणि त्यात मॅप टिकत नाही, हे लक्षात घ्या. पाठवण्याआधी मॅपचा अ‍ॅरे करा.