मोठ्या लॉ फर्ममध्ये रुजू होण्यापूर्वी: बेळगावातून निघणाऱ्यांसाठी तयारीची यादी

शेवटच्या सत्राचा निकाल आणि रुजू होण्याची तारीख यांच्यामध्ये जे आठवडे मिळतात, ते राजा लखमगौडा विधी महाविद्यालयासारख्या आपल्या संस्थांतून बेंगळुरू-मुंबईकडे निघालेली मुले बहुधा कपडे आणि खोली शोधण्यात घालवतात. माझ्या मते सर्वांत आधी कागद हाती घ्यावेत. एसएसएलसीच्या गुणपत्रिकेवर नुसती आद्याक्षरे, आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि पदवीच्या कागदावर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग, हा प्रकार सीमाभागात इतका सर्रास आहे की घरात त्याचे कोणाला काही वाटत नाही; सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, अर्ज भरताना मात्र तो नडतो. नावातील तफावतीचे प्रतिज्ञापत्र आताच करून घ्यावे आणि पॅन व बँक खाते त्याच नावावर आणावे. शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाल्याने जुन्या-नव्या दाखल्यांत दिसणारा फरक वेगळा आहे, त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही.

सनद कर्नाटकाच्या बार कौन्सिलची (वकिलांची नोंदणी करणाऱ्या राज्य संस्थेची) घ्यावी की महाराष्ट्र व गोव्याची, यावर आपल्याकडे फार खल होतो. ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ प्रमाणे एका वेळी एकाच राज्याच्या यादीत नाव राहते, देशात कोठेही वकिली करता येते आणि पुढे नाव दुसऱ्या राज्याकडे वर्ग करून घेता येते. म्हणून कागदपत्रे जेथे लवकर पूर्ण होतील तेथे अर्ज करावा. नोंदणी शुल्काबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले आहे की, स्टॅम्प ड्युटी सोडून, ते सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा अधिक घेता येत नाही. अखिल भारतीय बार परीक्षा नोंदणीनंतर दोन वर्षांच्या आत द्यावयाची असते. रुजू झाल्यावर अभ्यासाला सवड मिळेल या भरवशावर ती पुढे ढकलू नये.

वाचनात सारे कायदे पुन्हा उघडण्याची गरज नाही. करार कायदा, १८७२ शांतपणे, कलमांच्या स्पष्टीकरणांसह वाचावा, कंपनी कायदा, २०१३ ची रचना डोक्यात बसवावी आणि शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या संकेतस्थळावरील एखाद्या कंपनीचे समभाग विक्रीचे माहितीपत्रक घेऊन त्यातील जोखमींचे आणि प्रलंबित दाव्यांचे प्रकरण मन लावून पाहावे. नव्या असोसिएटकडे, म्हणजे फर्ममधील कनिष्ठ वकिलाकडे, येणारे काम बरेचसे तपासणीचे आणि मसुदा दुरुस्तीचे असते. वर्डमध्ये बदल नोंदवून दुरुस्ती करणे, कलमांचे परस्पर संदर्भ जुळवणे आणि शेकडो पानांत एकच संज्ञा सारख्याच अर्थाने आली आहे का हे पाहणे, हे वर्गात कोणी शिकवत नाही.

आता आपल्या मुलांची खरी शिदोरी, जी ती स्वतःच कमी लेखतात. जमिनीच्या किंवा कर्जाच्या व्यवहारात टायटल, म्हणजे मालकी हक्क, तपासताना साधारण ३० वर्षांची कागदपत्रे मागे जाऊन पाहतात. बेंगळुरूच्या कार्यालयात ती कन्नडमध्ये येतात, मुंबईत सातबारा आणि फेरफार मराठीत, आणि १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात असल्यामुळे आपल्या भागातील जुनी खरेदीखते व वाटणीपत्रे मराठीत, क्वचित मोडीतही सापडतात. कन्नड पहाणी (कर्नाटकातील शेताचा उतारा) आणि मराठी फेरफार दोन्ही सरळ वाचू शकणारा माणूस अशा कामात अनुवादकावर अवलंबून राहत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आपल्याच शेताचा उतारा, म्युटेशनच्या नोंदी आणि सबरजिस्ट्रार कार्यालयातील बोजाचा दाखला काढावा, आजोबांपासून नाव कसकसे उतरत आले हे लावावे, एखाद्या आत्याचे वा बहिणीचे नाव कोठे गळले ते शोधावे, आणि या साऱ्यावर इंग्रजीत दोन पानांचा अहवाल लिहावा. घरात त्यावरून थोडी कुरबुर होईल, पण अहवाल लिहिणे त्यातूनच येईल.

ज्या फर्म शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे काम पाहतात, तेथे अंतर्गत माहितीच्या गैरवापराविरुद्धचे सेबीचे २०१५ चे नियम लागू पडतात. आपल्या आणि जवळच्या नातेवाइकांच्या शेअर्सची माहिती विचारली जाऊ शकते. वडील हौसेने डीमॅट खाते चालवत असतील तर त्यांच्याशी आधीच बोलावे, आणि ऑफिसमधील कोणत्याही कंपनीचे नाव घरच्या जेवणावर निघणार नाही हेही सांगून टाकावे.

पैशाबाबत एक गैरसमज दूर करावा. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही, म्हणून बहुतेक फर्ममध्ये असोसिएटला पगार नव्हे तर व्यावसायिक शुल्क मिळते. त्यातून १० टक्के कर कापला जातो आणि भविष्य निर्वाह निधी सहसा नसतो. विवरणपत्र त्याच हिशेबाने भरावे लागते, तेव्हा कॉलेज रोडवर ओळखीचा कर सल्लागार असल्यास त्याला गाठून घ्यावे. हातात येणाऱ्या नेमणुकीच्या पत्रातील काम सोडण्यापूर्वीचा सूचना कालावधी, गोपनीयतेचे कलम आणि सही करताना फर्मने दिलेल्या रकमेची परतफेड कधी करावी लागेल, ही तीन कलमे दोनदा वाचावीत. खोलीच्या करारालाही हाच न्याय लावावा: मुंबईत लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने आवश्यक आहे, बेंगळुरूत अनामत रक्कम परत कधी व कोणत्या वजावटीसह मिळेल हे करारात लिहून घ्यावे, आणि त्याची एक प्रत घरी ठेवून मगच राणी चन्नम्मा एक्सप्रेसचे तिकीट काढावे.