राखाडी-हिरवी भिंत रंगवताना

दुकानात ‘हलका हिरवा’ मागितला की पिस्ता हातात पडतो. आपल्याला हवाय तो वाळलेल्या कढीपत्त्याचा रंग, हिरव्यात राखाडी मुरलेला. याची गोम अशी की दोन्ही छटा फिक्या असतात. उजेड बदलला की कधी ही वर येते, कधी ती. त्यामुळे शेडकार्डावर भरवसा ठेवू नका.

ठाण्यात घोडबंदर रोडला येऊरच्या डोंगराकडे उघडणाऱ्या खोलीत पावसाळ्यात बाहेरची हिरवाई भिंतीवर उतरते आणि संध्याकाळी पश्चिमेचं पिवळं ऊन येतं. तिथे जास्त राखाडी शेड घ्या. समोरच्या विंगने उजेड अडवलेल्या खोलीत मात्र तीच शेड नुसत्या सिमेंटसारखी दिसते. तिथे किंचित पिवळसर झाक हवी.

दोन-तीन शेडचे छोटे डबे आणून दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन कोट मारा. कडेने दोन इंच पांढरी पट्टी सोडा, नाहीतर भिंतीचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. वाळलेला पुठ्ठा सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून भिंतीशी धरा. ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या छटेचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली हा रंग दवाखान्यासारखा निळसर पडतो. ३००० ते ४००० केल्विनचे दिवे त्याला मानवतात.

काम पावसाळा सरल्यावरच काढा. ऑक्टोबर उजाडला म्हणून भिंत सुकलीच असं नाही, विशेषतः नवी मुंबईत वाशी-नेरूळच्या जुन्या इमारतींतली बाहेरची भिंत. दीड फुटाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून २४ तास चिकटवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येतेय. आधी गळती बंद करा. वरून कितीही भारी रंग मारलात तरी पोपडे येणारच.

कोरड्या भिंतीचे सुटे पापुद्रे पत्र्याने खरवडून पुट्टीचे दोन पातळ हात द्या. आधी १८०, मग ३२० नंबरचा पॉलिश पेपर. घासल्यावरची धूळ ओलसर फडक्याने पुसा. पेंटर इथेच घाई करतात, आणि मग मास्किंग टेप काढताना रंगही सोबत निघतो. प्रायमरआधी, म्हणजे रंगाखालच्या अस्तराच्या हाताआधी, टॉर्च भिंतीला टेकवून तिरका मारा, खड्डे लगेच दिसतात.

दहा बाय बारा फुटांची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे ३९६ चौरस फूट भिंत. दार-खिडकी वजा जाता साधारण ३५५. गुळगुळीत भिंतीवर लिटरमागे दोन कोटांत १०० चौरस फूट असा हिशोब धरून चार लिटर घ्या. एकाहून जास्त डबे लागले तर सगळा रंग एका बादलीत ओतून ढवळा, कारण दुकानातल्या रंग मिसळायच्या मशिनवरही डब्याडब्यात बारीक फरक पडतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. दोन कोटांत किमान चार तास जाऊ द्या, दमट दिवशी आणखी. पेंटरला भिंत अर्ध्यावर सोडून चहाला जाऊ देऊ नका. रोलरचा जोड कायमचा दिसतो.

मॅट फिनिशमध्ये हा रंग सर्वांत देखणा, पण हाताचे डाग धरतो. पॅसेजमध्ये आणि लहान मुलांच्या खोलीत सौम्य चमकेचा, धुता येणारा घ्या. छत ऑफ-व्हाइट ठेवा. सागवान, वेत, पितळ यांच्याशी या राखाडी-हिरव्याचं जमतं. लालसर सनमायकाच्या कपाटाशेजारी मात्र भिंत हवी त्यापेक्षा हिरवी दिसते.

उरलेल्या डब्याच्या झाकणावर शेडचा कोड आणि बेस (ज्यात छटा मिसळली तो मूळ रंग) लिहून ठेवा. वर्षभराने डाग पडला तर तेवढ्यापुरता टचअप ठिगळासारखा उठून दिसेल, त्यामुळे ती एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रंगवा.