नाशकात नवीन आलात? गॅसची टाकी घ्यायच्या आधी जिना बघा

मी २०११ ला यवतमाळहून अंबडच्या एका कंपनीत लागलो तेव्हा सिडकोत वरची खोली मिळाली. बाहेरून लोखंडी जिना, एवढा अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला परत खाली उतरावं लागायचं. आणि मी घेतली काय, तर सगळे घेतात तीच मोठी टाकी, १४.२ किलोवाली. १४.२ हा नुसता आतला गॅस, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. वरून लोखंड पंधरा-सोळा किलो, म्हणजे भरलेली टाकी तीस किलोच्या घरात. पोचवणारा खाली फाटकाशी ठेवून निघून जायचा, मग मीच खांद्यावर घेऊन वर, आणि तिसऱ्या खेपेला पाठीत अशी उसण भरली की चार दिवस ड्युटी बुडाली. तेव्हापासून गावाकडचं कोणी पोरगं आलं आणि म्हणालं दादा गॅसचं काय करू, तर मी आधी विचारतो, कितव्या मजल्यावर राहतोस आणि टाकी उचलणार कोण?

एकटे असाल, सहा महिन्यांनी रूम बदलणार असाल, तर सरळ ५ किलोवाली घ्या. इंडेनचा छोटू, भारतगॅसची मिनी, एचपीचा अप्पू, सगळे त्यातलेच. एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर, काही किराणा दुकानांतही मिळते आणि नुसतं ओळखपत्र लागतं, पत्त्याचा पुरावा नाही. नवीन माणसाला हे लय मोठं सुख, कारण घरमालक ॲग्रीमेंट करून देईपर्यंत तुम्ही काय रोज वडापाववर जगणार? भरलेली असली तरी एका हाताने उचलते, गाडीच्या पायाशी धरून आणता येते. पण रेट कमर्शियलचा लागतो, किलोमागे घरगुतीपेक्षा महाग पडतो. मला एकट्याला दोन वेळचा स्वयंपाक धरून सव्वा महिना जायची, तेवढ्यासाठी मला परवडलं. बायको-पोरं आल्यावर नाही परवडत, तेव्हा रीतसर कनेक्शन घ्या.

रीतसर घेताना मात्र एजन्सीत कंपोझिट, म्हणजे लोखंडाऐवजी प्लास्टिक आणि काचेच्या धाग्याची टाकी आहे का ते विचारा. इंडेनने २०२१ मध्ये आणली, १० आणि ५ किलोमध्ये. आत प्लास्टिकचं भांडं, त्यावर काचेच्या धाग्याचं वेष्टन, वरून परत प्लास्टिकचं कवच. रिकामी टाकी लोखंडी मोठ्या टाकीच्या निम्म्याहून हलकी, गंजत नाही, ओट्याखाली फरशीवर तो लाल डाग पडत नाही (घरमालकाने डिपॉझिटमधून कापलेत माझे त्या डागाचे पैसे, म्हणून सांगतोय). आणि उजेडात धरली की आत गॅस किती राहिला ते दिसतं. डिपॉझिट लोखंडीपेक्षा जास्त आहे. लोखंडी जुनी असेल तर ती देऊन फरक भरून बदलून मिळते, पण सगळ्या एजन्सींत स्टॉक असतोच असं नाही, आधी फोन करा.

आता फिरायला नेण्याचं. इथे कॅम्पर म्हटलं की लोकांना बोलेरो कॅम्पर वाटते, पण आम्ही चौघांनी एका जुन्या इको व्हॅनमध्ये मागे फळी टाकून झोपायची सोय केलीय, तिलाच आम्ही कॅम्पर म्हणतो. पहिल्यांदा घरची मोठी टाकीच टाकली होती मागे, घाटात वळणावर ती अशी सरकली की मागे बसलेल्याचा पाय चेंगरता चेंगरता वाचला. आता ५ किलोवाली, उभी, दोन पट्ट्यांनी बांधलेली. आडवी कधीच नाही, आडवी केली की शेगडीकडे वाफेऐवजी पाण्यासारखा पातळ गॅस येतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खाली तळाशी साचतो, म्हणून झोपताना टाकी गाडीबाहेर आणि स्वयंपाकही बाहेरच.

पण हलक्या टाकीची एक खोड आहे ती आधीच ऐका. डिसेंबरात भंडारदऱ्याला पहाटे चहा ठेवला तर ज्योत मिणमिणती, आम्हाला वाटलं संपली. नव्हती संपली. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण. परदेशात कॅम्परच्या टाकीत बहुतेक प्रोपेन असतो, तो उणे ४२ अंशांपर्यंत वाफ होतो. आपल्या टाकीत प्रोपेनबरोबर ब्युटेनही भरपूर, आणि ब्युटेन शून्याच्या आसपासच ढेपाळतो. निफाडकडे पारा ५-६ वर आला की घरातही ज्योत बारीक झालेली दिसेल. त्यात टाकी लहान म्हणजे बाहेरून उष्णता घ्यायला अंग कमी, मोठा बर्नर लावून दहा जणांची मिसळ करायला गेलात तर ती स्वतःच गार पडते, बाहेरून दव धरतं. कंपोझिट तर लोखंडापेक्षा उष्णता आत कमीच सोडते. म्हणून थंडीत बारीक बर्नर, आणि दहा जण असतील तर दोन टाक्या. टाकीला शेकोटीजवळ नेणं किंवा उकळतं पाणी ओतणं, हे करणारे पाहिलेत मी, तसलं काही करू नका, थोडं ऊन येऊ द्या, आपोआप येते ताळ्यावर.

घेताना वजन करून मागा, आणि टाकीवर बी-२७ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. तोवर टाकीची तपासणी व्हायला पाहिजे, तारीख उलटली असेल तर घेऊ नका. रेग्युलेटर आणि पाइप तिथेच जोडून बघा, प्रत्येक टाकीला प्रत्येक रेग्युलेटर बसत नाही. गल्लीत मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत भरून देणारे भेटतील, स्वस्तही पडेल, पण ते बेकायदेशीर आहे आणि तिथेच भडका उडतो. वास आला तर खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका, बाहेर पडून १९०६ ला फोन करा.

आणि दिवाळीला गावी जाताना टाकी रिकामी असो वा भरलेली, नाशिकरोडवरून रेल्वेत घेऊन बसू नका, बंदी आहे. शेजाऱ्याकडे ठेवून जा. मी दरवर्षी खालच्या काकूंकडे ठेवायचो, परत आलो की त्यांच्यासाठी घरचा चिवडा असायचा, त्यामुळे कधी नाही म्हणाल्या नाहीत.