दप्तरखान्यातली ओल मोजायची कशी आणि एसीचं बिल कमी करायचं कसं

मोडी कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), पोथ्या, जुने नकाशे ठेवलेल्या खोलीत चोवीस तास एसी चालू आहे, म्हणजे सगळं सुखरूप, असं समजू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात कागदाला उकाड्यापेक्षा ओल जास्त बाधते. सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला हवेत जेवढी वाफ मावते, तिच्या किती टक्के वाफ आहे ते) ६५-७० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते. मोठ्या संग्रहालयांच्या बिझो गटाने सांगितलेली मर्यादा ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश अशी आहे. त्यातले २५ अंश पावसाळ्यात गाठायचे तर बिल फुगतं. २७ अंशांवर कागद थोडा लवकर जुना होतो, हे खरं. पण पैसा मोजकाच असेल तर तो आधी ओल काढण्यावर खर्च करावा.

खरेदीच्या आधी मोजमाप करा, तेही पूर्ण वर्षभर. खोलीला तीन डेटालॉगर (तापमान आणि आर्द्रता आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं) लागतात: एक खोलीच्या मध्यावर छातीएवढ्या उंचीवर, एक कपाटात रुमालांच्या मागे बाहेरच्या भिंतीकडे, आणि एक इमारतीबाहेर सावलीत, पाऊस लागणार नाही असा. एसीच्या झोतात किंवा दारालगत ठेवलेला लॉगर त्या जागेपुरतंच सांगतो. नोंद दर अर्ध्या तासाने पुरे. १६,००० नोंदींची क्षमता असेल तर सुमारे ३३३ दिवस भरतात.

लॉगर खरं बोलतो का, हे घरच्या मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या आणि पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी साचू देऊ नका. झाकण आणि लॉगर झिपच्या पिशवीत बंद करून, मीठ लॉगरला लागणार नाही असं, एक दिवस तापमान स्थिर असलेल्या जागी ठेवा. आकडा ७५ च्या आसपास हवा. ८० दाखवत असेल, तर त्याच्या वाचनातून पाच वजा करायचे, हे लॉगरवरच चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

आता आलेख वाचा. २७ अंशांना ६० टक्के असलेल्या हवेत घनमीटरमागे साधारण १५.५ ग्रॅम वाफ असते. तीच हवा २४ अंशांपर्यंत थंड झाली आणि वाफ तेवढीच राहिली, तर आर्द्रता ७१ टक्के होते. एसीच्या थंड झोताखालच्या कपाटात बुरशी दिसते, ती यामुळेच. शिवाय पावसाळ्यातल्या गार दिवशी खोली लवकर थंड होते, कंप्रेसर थांबतो, पंखा मात्र चालू राहतो आणि कॉइलवरचं (एसीतल्या गार नळ्यांवरचं) पाणी पुन्हा हवेत मिसळतं. पंखा ‘ऑटो’वर असू द्या.

दाराचंही तसंच, ते उघडलं की बाहेरची हवा आत येते. बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के, म्हणजे घनमीटरला सुमारे २२.७ ग्रॅम वाफ. आत २३ अंश. त्या तापमानाला हवेत २०.६ ग्रॅमच मावतात. उरलेलं पाणी थंड लोखंडी कपाटावर सुटतं. कपाटाच्या पत्र्यावरून बोट फिरवून पाहा.

म्हणून पहिला खर्च फटींवर करा, बाकी सगळं नंतर. रात्री आतला दिवा लावून बाहेरून बघा; उजेड दिसेल तिथून हवाही येते. दाराखाली ब्रशपट्टी, खिडकीच्या चौकटीला रबरपट्टी, एक्झॉस्टच्या भोकावर झाकण. हिशेब असा: ४×४×३ मीटरच्या खोलीत तासाला निम्मी हवा बदलत असेल, तर ५८ टक्के राखण्यासाठी दिवसाला साधारण साडेचार लिटर पाणी काढावं लागतं. गळती कमी करून तासाला एक पंचमांशच हवा बदलेल असं केलं, तर पावणेदोन लिटर पुरतं.

मग डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) घ्या, ५८ वर लावा आणि पाण्याची नळी थेट मोरीत सोडा. टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं, आणि हे नेमकं जोडून आलेल्या सुट्टीत होतं. डब्यावरची क्षमता बहुधा ३० अंश आणि ८० टक्क्यांना मोजलेली असते. आपल्या ६० टक्क्यांना ती बरीच कमी भरते, म्हणून हिशेबाच्या दुपटीचं घ्या. ४०० वॉटचं यंत्र अखंड चाललं तरी दिवसाला ९.६ युनिट, आणि बंद खोलीत ते अखंड चालत नाही. मात्र ते खोली थोडी तापवतं, हे धरून चाला.

एसी बंद करण्याचा प्रयोग कोरड्या दिवसांत करावा, डिसेंबर-जानेवारीत. आधी एका रात्रीपुरता, मग शनिवार-रविवार. खोलीचा आकडा हलला तरी घाबरू नका. कपाटातल्या लॉगरचा पाहा. घट्ट बांधलेला रुमाल आणि कागदाचा गठ्ठा स्वतःच ओल शोषतो-सोडतो. ‘रक्षेत् शिथिलबन्धनात्’, सैल बांधणीपासून जपा, असं पोथी उगीच सांगत नाही. आतला फरक २४ तासांत पाच टक्क्यांच्या आत राहिला, तर बंद ठेवायचा काळ वाढवा. न राहिल्यास फटी पुन्हा तपासा. पावसाळ्यात हाच प्रयोग डीह्युमिडिफायर चालू ठेवून करा.

कपाटं बाहेरच्या भिंतीपासून १५ सेंटीमीटर पुढे आणि जमिनीपासून तेवढीच वर हवीत. व्हिनेगरसारखा वास येणारी फिल्म असेल, तर ती आजच वेगळी काढा. तिला थंडावाच लागतो, पण तेवढ्यासाठी सगळी खोली गार करू नका, एक छोटं थंड कपाट पुरेल.