ईएक्सटी४ फॉरमॅट करताना ५ टक्के जागा वाचवा

लिनक्सवर नवीन पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग) ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमने, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडण्याच्या पद्धतीने, फॉरमॅट केलं की ५ टक्के जागा रूट युजरसाठी, म्हणजे सिस्टिमचे सर्व अधिकार असलेल्या खात्यासाठी, आपोआप राखून ठेवली जाते. डिस्क भरली तरी सिस्टिमची कामं अडू नयेत, म्हणून. सिस्टिमच्या पार्टिशनवर ती राहू द्याच. पण ४ टीबीच्या डिस्कवर फक्त फोटो-व्हिडिओ ठेवायचे असतील, तर जवळपास २०० जीबी विनाकारण अडकून पडतात. ‘ट्यूनटूएफएस’ (tune2fs) कमांडला ‘एम’ (-m) पर्याय देऊन हे प्रमाण १ टक्क्यावर आणा. डेटा जात नाही, पार्टिशन अनमाउंटही (सिस्टिमपासून वेगळं) करावं लागत नाही.

आयनोडचं मात्र तसं नाही. आयनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद, आणि तीही डिस्कवर जागा घेते. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो आणि त्यांचं प्रमाण फॉरमॅट करतानाच ठरतं. नंतर बदलायचं तर पुन्हा फॉरमॅट. नेहमीचा हिशेब दर १६ केबीला एक आयनोड असा असतो. मोठमोठ्या व्हिडिओंसाठी फॉरमॅट करताना ‘लार्जफाइल४’ (largefile4) हा प्रकार निवडला, तर ४ एमबीला एकच आयनोड बनतो आणि ४ टीबीवर आणखी सुमारे ६० जीबी मोकळे होतात. लाखो छोट्या फाइल्स येणार असतील, तर याच्या वाटेला जाऊ नका: जागा शिल्लक असूनही ‘डिस्क भरली’ असा एरर येईल.

आणि फॉरमॅटची कमांड देण्याआधी ‘एलएसबीएलके’ (lsblk) ही डिस्क आणि पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड चालवून पार्टिशनचं नाव नीट तपासा.