तुतीला नुसता पालाच येतो? या चुका टाळा

तुती सहसा मरत नाही. मुरमाड जमिनीत तगते, कुंडीत वाढते, शेळीनं ओरबाडली तरी पुन्हा फुटते. त्यामुळे झाड वाळल्याची तक्रार क्वचितच ऐकू येते. तक्रार असते ती फळाची: पाला भरपूर, तुती एक नाही.

अशा वेळी आधी बेणं कुठून आणलं ते आठवा. रेशीम शेतकऱ्याकडून फुकट मिळालेल्या कांड्या बरेच जण लावतात. व्ही-१ सारखे वाण निवडले गेले ते रेशीमकिड्यांच्या पाल्यासाठी. फळाची गोडी तिथे कुणी पाहिलेली नसते. बियांपासून आलेलं रोप तर नरही निघू शकतं. त्याला नुसते तुरे लोंबतात, पराग उडतो आणि तुरे गळून पडतात. तिथे कोणतंही खत कामाचं नाही. ज्या झाडाची फळं स्वतः खाल्ली आहेत त्याचीच पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची कांडी पावसाळ्याच्या तोंडावर लावा. डोळे वरच्या बाजूला आहेत ना, ते बघा. उलटी खोचलेली कांडी हे रोप न लागण्याचं नेहमीचं कारण आहे.

‘काळी तुती’ म्हणून जादा पैसे मोजू नका. खरी काळी तुती, म्हणजे मोरस नायग्रा, थंड हिवाळ्याच्या प्रदेशातली आणि अगदी सावकाश वाढणारी. तिच्या पेशीत ३०८ गुणसूत्रं असतात, तर पांढऱ्या तुतीत साधारणपणे २८. आपल्याकडे लावल्यावर वर्षभरात काळीभोर फळं देणारं रोप बहुधा पांढऱ्या तुतीचं किंवा तिच्या जवळच्या जातीचंच असतं, कारण त्यांचीही फळं पिकून काळी होतात. खायला उत्तम, फक्त भाव त्याप्रमाणे द्यावा. या गल्लतीत राजेही सापडलेत: १६०९ च्या सुमारास इंग्लंडच्या पहिल्या जेम्सनं रेशमासाठी हजारो तुती लावायला सांगितल्या, त्यात काळ्या तुतीचा भरणा झाला. रेशीमकिड्याला मानवतो तो पांढऱ्या तुतीचा पाला. रेशीम काही जमलं नाही.

आता छाटणी. घरच्या तुतीचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. फळ येतं ते नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत. कात्री न लावलेलं झाड उंच जातं आणि शेंड्यावरची फळं बुलबुल नि कोकिळा संपवतात. उन्हाळी बहर आटोपला की मोठी छाटणी करा, झाड हाताच्या टप्प्यात आणा. मग डिसेंबर-जानेवारीत फक्त शेंडे खुडा आणि राहिलेली पानं काढून टाका. थोड्याच दिवसांत डोळे फुटतात आणि फुटीसोबतच हिरव्या बारीक तुती दिसू लागतात. फेब्रुवारीत, फळ धरल्यावर, झाड ‘नीटनेटकं’ करायला गेलात तर बहर गेलाच. युरियाचाही मोह नको, त्यानं पालाच माजतो. मात्र फळ फुगताना पाणी तोडू नका, नाहीतर हिरवी फळंच गळतात.

शेंड्याची पानं चुरगळून गोळा झाली की लोक खताची कमतरता समजून आणखी खत घालतात. पण हा बहुधा टुकरा असतो, म्हणजे गुलाबी पिठ्या ढेकणाचा उपद्रव. असे शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा आणि खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा. फळं असताना जहाल औषध मारूच नका. या फळाला सोलायला साल नाही, आणि शेजारी रेशीम शेती असेल तर उडालेल्या फवाऱ्यानं तिथले किडे मरतात.

लांब, पांढरट-हिरव्या शहतूताच्या जातीत उलटीच गंमत होते. फळ काळं होण्याची वाट पाहत लोक ते झाडावरच सडू देतात. ती जात रंग बदलतच नाही. फळ मऊ पडलं आणि हात लावताच सुटलं की पिकलं. काळ्या जातीत मात्र लाल फळाला भुलू नका, ते आंबटच लागतं आणि तोडून ठेवल्यानं गोड होत नाही. कच्ची फळं जास्त खाल्ली तर पोट बिघडतं.

तोडलेली तुती धुऊन डब्यात भरून ठेवू नका, खाण्याआधीच धुवा. फ्रिजमध्येही ती दोन-तीन दिवसच टिकते. आणि झाड लावताना गाडी कुठे उभी राहते, कपडे कुठे वाळतात तेवढं बघा. हाताचे डाग लिंबानं बरेचसे निघतात, पांढऱ्या सदऱ्याचे सहजी निघत नाहीत.