मालपेहून सेंट मेरी बेटावर: दगड बघायला जाणार असाल तर

कर्नाटकात उडुपीजवळ मालपे बंदर आहे, त्याच्यासमोर समुद्रात सेंट मेरी बेट. तिथे जाणारी दहातली नऊ माणसं नारळाखाली फोटो काढून परत येतात. हौसेने जातात, जाऊ देत. मी मात्र तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर षटकोन काढून लाव्हाचे खांब समजावले, आणि ते खांब बघायचे राहिले होते. तुम्हालाही तेच बघायचं असेल तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी महिना ठरवा. पहिल्या खेपेला आम्ही मे संपता संपता गेलो आणि मालपेच्या जेटीवरून हात हलवत परत आलो. वारं सुटलं होतं, बोटी बांधून ठेवलेल्या. चूक आमचीच, चिपळूणला जन्म काढून मेअखेर दर्यावर जायचा बेत करणाऱ्याने दुसऱ्या कुणाला बोलू नये. पावसाळाभर तर फेऱ्या बंदच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

मग तिथी बघा. हो, पंचांगातली. आपल्याकडे जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन, तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी नऊला ओहोटी. आम्हाला सकाळची ओहोटी हवी होती, कारण पाणी उतरलं की खांबांची बुडं उघडी पडतात. हिशेब मुंबई-कोकणाचा, मालपेला तो अंदाजापुरताच धरा आणि आदल्या संध्याकाळी बंदरावर मासेवाल्यांना वेळ विचारून घ्या. त्यांना हिंदी कळतं, आणि आमचं मालवणी वळणाचं बोलणं तर कोकणी येणाऱ्या एका बाईला हिंदीपेक्षा बरं कळलं.

दुपारी मुंबईहून सुटणारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस संध्याकाळी आमच्याकडे येते आणि उजाडायच्या आत उडुपीला सोडते. शहरापासून मालपे पाच-सहा किलोमीटर. अंघोळ, मंगळुरी बन, कॉफी, की रिक्षा करून सरळ जेटी. कृष्णमठ परतल्यावर करा. मठ कुठे जात नाही, ओहोटी जाते.

बोट घड्याळावर नाही, माणसांवर सुटते. पुरेसे उतारू जमेपर्यंत बसून राहायचं. रविवारी पटकन भरते, पण मग बेटावरही जत्रा. आम्ही मंगळवारी गेलो, पाऊण तास थांबलो, आणि तिकडे निवांतपणा मिळाला. तिकीट काढतानाच विचारा, की याच बोटीने परतायचं की नंतरच्या फेरीने आलं तरी चालेल. साधारण तासाभराने परत बोलावतात, आणि दगड बघणाऱ्याला तास पुरत नाही. आमची मोठी बोट बेटाच्या अलीकडे थांबली आणि छोट्या होडीत उतरावं लागलं. ह्यांच्या गुडघ्यांनी तिथे कुरकुर केली. गुडघेदुखी असेल तर लाट होडीला वर उचलते तेव्हा पाऊल टाका, खाली जाते तेव्हा नाही.

बेटं मुख्य चार. बोटी नेतात ती कोकोनट बेटावर, बाकीची लांबूनच बघायची. त्यातल्या एकाचं नाव दर्याबहादूरगड. ऐकल्यावर पुतण्या म्हणाला, "काकू, हा आपला किल्ला का?" नाही रे बाबा. नावात गड आला म्हणून आपला होत नाही, हा मुलूख बिदनूरच्या नायक राजांचा. सेंट मेरी हे नाव वास्को द गामामुळे पडलं असं सांगतात. १४९८ मध्ये तो इथे उतरला आणि त्याने क्रूस रोवला, अशी कथा आहे.

उतरल्यावर गर्दी वाळूकडे वळते. तुम्ही उलट, खडकाळ बाजूला चला. बेट जेमतेम अर्धा किलोमीटर लांब, हरवायची सोय नाही. पाच-दहा मिनिटांत खांब दिसायला लागतात. कुठे उभे, कुठे कललेले, कुठे नुसती डोकी फरशीसारखी शेजारी शेजारी बसवलेली. लांबून बघू नका. बसा आणि बाजू मोजा. मी शिवणकामाची टेप नेली होती. पुतण्याने पहिल्याच खांबाला पाच बाजू सांगितल्या, परत मोजायला लावलं तर सहा निघाल्या; सहावी जेमतेम चार बोटांची होती, लपून बसलेली. तासाभरात आम्ही एकोणतीस खांब मोजले. सहा बाजूंचे सर्वांत जास्त, त्याखालोखाल पाचांचे, चार बाजूंचे दोन आणि सातांचा एकच. पुस्तकातल्यासारखा नीटस षटकोन एकही नाही.

हे होतं कसं? भात कापल्यावर खाचरातला चिखल वाळून भेगाळतो ना, तसंच. लाव्हा थंड होताना आकसतो, पृष्ठभागावर भेगा पडतात, त्या एकमेकींना मिळतात आणि जसजशी आतली उष्णता निघून जाते तसतशा आत शिरत जातात. खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. म्हणून कललेला खांब दिसला की समजा, तिथे थंड होणारा पृष्ठभागच कललेला होता.

आपल्याकडचा माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे आमच्या सह्याद्रीसारखंच." नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब बेसॉल्टचे, दख्खनच्या लाव्हातले, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. इथला दगड रायोलाइटच्या जातीचा, सिलिका जास्त असलेला, आणि वय सुमारे ८.८ कोटी वर्षं. मादागास्कर भारतापासून फाटून निघालं त्या वेळच्या ज्वालामुखींची ही खूण आहे. त्याच काळातला लाव्हा तिकडे मादागास्करातही सापडतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने कर्नाटकात चार ठिकाणांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हटलंय, त्यातलं हे एक. तेव्हा आठवण म्हणून दगडाचा तुकडा फोडून नेणं सोडाच, मी तर पुतण्याच्या खिशातले शिंपलेही परत वाळूत टाकायला लावले. रुसला थोडा वेळ.

पायात पट्ट्याची, पकड असलेली रबरी सँडल हवी. ओल्या खडकावर शेवाळ असतं आणि कालवांच्या कडा पातीसारख्या लागतात. जावेच्या अंगठ्याला लागली, रुमाल बांधून दिवस काढला. पाण्याच्या कडेच्या खांबांवर मात्र उभं राहू नका. २०२२च्या एप्रिलमध्ये केरळहून सहलीला आलेले तीन विद्यार्थी इथे बुडाले. रक्षक शिट्टी मारतात तेव्हा वाद न घालता मागे या. पोहायचंच असेल तर त्यांनी आखून दिलेल्या जागीच.

पाणी स्टीलच्या बाटलीत, डबा स्टीलचा. प्लास्टिकला बेटावर मनाई आहे आणि पिशव्या तपासतात. सावली फक्त नारळांची, ती दुपारी बारीक होते, म्हणून टोपी किंवा पदर. रोख पैसे सुटे ठेवा.

आम्ही दुसऱ्या फेरीने परतलो. तोवर भरती चढायला लागली होती आणि सकाळी मोजलेल्या खांबांतले अकरा पाण्याखाली गेले होते. पुतण्याने बोटीतून मोजून खात्री केली.